चिखलाच्या शर्यतीला मित्रमंडळी घेऊन जायचं तर तयारी काय? (गोवा)

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या पावसात आमच्या सहा जणांच्या टीमने सत्तरीच्या बाजूला एक चिखलाची शर्यत केली, ५ किलोमीटर, मधे लाकडी भिंत, दोर, टायर, जाळी, सरपटायची तार आणि उरलेलं सगळं शेत. यंदाची नावनोंदणी आता सुरू होतेय आणि ऑफिसात, वाड्यावर जो तो विचारतोय की जिम लावायची का, बूट कुठले घ्यायचे, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. ज्यांनी असल्या शर्यती केल्यात किंवा ज्यांचा शेताशी संबंध आहे त्यांनी भर घालावी.

मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते आधी सांगतो. मित्रांबरोबर जाताय ना, मग सगळे मिळून पळा, आणि टीममधला जो सगळ्यात हळू आहे त्याच्या वेगाने पळा. आमच्यात दोघं रोज पळणारे, एक शाळेत शिकवणारी मैत्रीण, तिचा नवरा, बँकेत असलेला नव्वद किलोचा एक मित्र आणि मी. निघायच्या आधीच ठरवलं की बँकवाला दुसऱ्या नंबरावर राहणार आणि पळणाऱ्यांपैकी एकजण कायम शेवटी. हळू माणूस मागे राहिला की त्याला फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात, तो मनातूनच खचतो, आणि चिखलात पाय अडकला तर हात द्यायलाही कोणी नसतं. तोच पुढे असला की सगळ्यांचा दम आपोआप सारखा राहतो. पहिल्या किलोमीटरला आम्हाला कितीतरी टीम ओलांडून गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच नंतर भिंतीखाली अर्ध्या अर्ध्या भेटल्या, दोघं वर, दोघं खाली, एकजण अजून मागच्या ओढ्यात.

भिंतीबद्दल जरा जास्त लिहितो. ८ फुटांची फळ्यांची भिंत, आधी शेकडो हात लागून गेलेले, वरची कड साबण चोळल्यासारखी गुळगुळीत. नुसत्या हातांच्या जोरावर चढणं फार थोड्यांना जमतं. दोघांनी भिंतीला पाठ टेकून गुडघे वाकवून उभं राहायचं, चढणाऱ्याने पाय ठेवायचा तो मांडीवर, कमरेच्या जवळ. गुडघ्यावर अजिबात नाही, गुडघा तिरका दाबला गेला की कायमचं दुखणं लागू शकतं. मग दुसरा पाय खांद्यावर आणि वर बसलेल्याने मनगट धरायचं, चढणाऱ्यानेही त्याचं मनगट धरायचं, कारण ओली बोटं सुटतात. पहिला वर गेला तो पळणाऱ्यांपैकी एक, दुसरा बँकवाला, त्याला खालून तिघांनी उचलला. तो एकदा भिंतीवर दोन्हीकडे पाय टाकून बसला आणि मग कोणीही लटकलं तरी जागचा हलला नाही, त्या वजनाचा एवढा उपयोग होईल असं आमच्यापैकी कोणाला वाटलं नव्हतं. सगळ्यात शेवटी राहिली ती शिक्षिका, कारण ती हलकी आणि उंच. चार पावलं धावत आली, एक पाय फळीवर मारला, हात वर टाकले आणि वरच्या दोघांनी दोन मनगटं पकडली. तिच्या नवऱ्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

चिखलात चालायचं तंत्र पण आहे. रुतलेला पाय सरळ वर उपसला की खाली पोकळी होते आणि चिखल बूट धरून ठेवतो. टाच थोडी हलवून बाजूने हवा पाणी आत जाऊ द्यायचं, मग पाय काढायचा. पावलं छोटी टाकायची आणि थांबायचं नाही, थांबलात की आणखी खाली. सुती कपडे नकोत, टीशर्ट पाणी पिऊन लोंबायला लागतो. लेस दोनदा बांधून टोकं आत खोचायची. अंगठी, साखळी, घड्याळ घरी ठेवायचं.

एक तक्रार. अंग धुवायला नळ फक्त दोन आणि समोर शंभर माणसं, बायकांना कपडे बदलायला एकच छोटा मांडव. पैसे एवढे घेतात तर पाण्याचे दोन टँकर उभे करायला काय जातं? पावसाळ्यात गोव्यात पाण्याची सबब कोणी सांगू नये.

तुम्ही लिहा आता.

फोंड्याची_मी

छान सविस्तर लिहिलंय. आम्ही चार मैत्रिणी विचार करतोय पण दोघींना कधीच पळायची सवय नाही. ५ किलोमीटर झेपेल का? आणि चष्मा असणाऱ्यांनी काय करायचं, लेन्स लावून गेलं तर चालतं का? कपडे बदलायच्या सोयीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून जरा धास्तीच वाटली.

पायवाट

@फोंड्याची_मी, लेन्स नको ग. गढूळ पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकतात, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. जुना चष्मा दोरी लावून घाल. कपड्यांचं म्हणशील तर मी मोठा टॉवेलचा झगा शिवून घेतलाय गळ्यात इलास्टिक घालून, त्याच्या आत सगळं बदलता येतं, कोणाच्या मांडवाची वाट बघायला नको. गडद रंगाची फुल लेगिंग घाल, तारेखाली सरपटताना गुडघे सोलत नाहीत. आणि ५ किमीचं टेन्शन घेऊ नको, अडथळ्यांपाशी रांगा असतात तिथे दम मिळतो. दोन महिने रोज अर्धा तास भराभर चाल, आठवड्यातून दोनदा जिने चढ, पुरे.

पाच_मिनिट_किलोमीटर

लेख चांगला आहे पण मुख्य मुद्दा पटला नाही. शर्यत म्हणजे शर्यत. मी सकाळी साडेचारला उठून पळतो, मिरामारला आयर्नमॅन ७०.३ बघून हे वेड लागलं, तिथे १.९ किमी पोहून ९० किमी सायकल मारून मग २१.१ किमी पळतात आणि कोणी कोणासाठी थांबत नाही, म्हणून काय ती माणसं वाईट झाली का? अडथळ्यांच्या शर्यतीतही स्पार्टन शर्यतवाले घड्याळ लावून वेळ मोजतात, अडथळा जमला नाही तर ३० बर्पी, म्हणजे जमिनीवर आडवं होऊन परत उडी मारत उठायचं, ही त्यांची जुनी शिक्षा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या खेळात घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत येतेय. खेळ एवढा मोठा होतोय आणि आपण अजून हात धरून चाला म्हणतोय. ज्याला घड्याळ लावून पळायचं आहे त्याने वेगळं नाव नोंदवावं हे मान्य, पण सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने पळा हा नियम कोणावर लादू नका.

मांडवीकाठ

@पाच_मिनिट_किलोमीटर, तुम्ही एकटे नाव घालून घड्याळ लावून पळालात तर मी रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवेन, खरंच. माझं म्हणणं टीम म्हणून नाव घालणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेत २०१० मधे स्पार्टन सुरू झाली त्याच वर्षी टफ मडर पण सुरू झाली आणि तिथे सुरुवातीलाच सगळ्यांकडून शपथ घेतात की वेळेपेक्षा सोबत्याला मदत आधी. दोन्ही प्रकार पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत. पण सहा जणांचे सारखे टीशर्ट छापून घ्यायचे आणि दोघांनी पुढे निघून जायचं, हे मला नाही आवडत. मागे राहिलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही. आमच्या बँकवाल्याने यंदा सगळ्यांच्या आधी नाव दिलंय.

सरदाचं_शेत

मी पेडण्याची, आई अजून शेती करते, लावणीला मी दरवर्षी जाते. दोन गोष्टी सांगायच्यात.

एक, चिखल सगळीकडे सारखा नसतो. वरच्या मोरड जमिनीतला तांबडा चिखल, खाली खडी आणि चिऱ्याचे तुकडे, तो उथळ असतो पण पाय कापतो. मधल्या खेर जमिनीत रेती असते, तिथे पाणी निचरतं, पळायला सगळ्यात सोपं. खाडीकाठचं खाजन वेगळंच, काळी चिकण माती, खाऱ्या पाण्याची, मांडीपर्यंत रुतता येतं आणि मातीत शिंपल्यांच्या धारा असतात. सत्तरीत तुम्हाला मिळाला तो बहुतेक तांबडाच. म्हणून आयोजकांना आधी विचारा की जमीन कुठली, आणि बूट त्याप्रमाणे घ्या. तांबड्याला जाड तळवा पाहिजे. खाजनातल्या चिकण मातीत जाड तळवा जड होतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. कृपा करून खाजनात आणि बांधांवर शर्यती घेऊ नका, कोणी घेत असेल तर जाऊ नका. तो बांध आणि ती मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, पिढ्यान् पिढ्या लोकांनी हाताने सांभाळलीत, भरतीचं खारं पाणी त्यांच्यामुळे बाहेर राहतं. दोन-तीनशे माणसं बांधावरून धावली की चिखल खचतो, भगदाड पडतं आणि एकदा का खारं पाणी आत शिरलं की साधं भात येत नाही. कोरगुटसारखं भात खारेपणा सोसतं, पण ते सगळ्यांकडे कुठे आहे? पडीक मोरडीत काय ते पळा, तीही मालकाला विचारून, आणि लावणी झालेल्या शेजारच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, कोणी पाय टाकणार नाही हे बघा. आईने रोप लावून चार दिवस झाले होते तेव्हा शेजारच्या पडीक शेतातली फुटबॉलची पोरं आत शिरली होती, आई पुन्हा कंबर वाकवून रोप लावत बसली. म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय.

पाय उपसायचं तंत्र बरोबर लिहिलंय. त्यात भर म्हणजे बोटं खाली करून पाय टाका, टाच आधी टाकली की जास्त रुततं. लावणीवाल्या बायका कशा चालतात ते एकदा बघा.

मांडवीकाठ

@सरदाचं_शेत ताई, हे लाखमोलाचं लिहिलंत. जमीन तांबडीच होती, आणि आमच्यापैकी एकाचा तळवा चिऱ्याच्या धारेने बुटातून कापला. बांधाचं आयोजकांना लेखी कळवतो, नाव घालायच्या आधीच.

देऊळवाडा

कोणीच माशेलचं नाव काढलं नाही? आमच्याकडे देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो असतो. एकादशीला देवळात चोवीस तास भजन, आणि द्वादशीला अंगाला तेल लावून सगळे मैदानात. चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर, ओढाओढी, लहान पोरांपासून साठीच्या माणसांपर्यंत. लोक खाऊ उधळतात आणि तो चिखलातून वेचायचा. देव मूळचा चोडणचा, पोर्तुगीजांच्या काळात तिथून हलवला आणि मयेवरून माशेलला आला.

हे सांगतोय कारण वर वेळ मोजायची की नाही यावर चर्चा चाललीय. चिखलकाल्यात पहिला नंबर नसतो, बक्षीस नसतं, आणि तरी पोरं वर्षभर वाट बघतात. मी सहा-सात वर्षांचा असताना काकाच्या खांद्यावरून त्या चिखलात उतरलो, आता माझा मुलगा माझ्या खांद्यावर असतो. शर्यत करणाऱ्यांनी आधी एकदा इथे या. चिखलात पडायचं कसं हे तिथे आपोआप शिकता. अंग सैल सोडायचं आणि कुशीवर पडायचं, हात पुढे टेकले की मनगट जातं. आणि तेलाचं पण सांगतो, आधी खोबरेल लावलं की माती कातडीला धरत नाही, नंतर धुवायला अर्धं पाणी लागतं. शर्यतीत मात्र तळहाताला तेल नको हं, दोर सुटेल.

गुडघेदुखी_४५

+१ तेलाला. माझा प्रश्न दोराचा. वरून टांगलेला दोर असतो त्यावर मला पाव उंचीपण जाता येत नाही, हात भरून येतात.

पायवाट

हाताने चढूच नका. दोर एका पायाच्या बाहेरून घ्या, त्याच पावलाखालून आत आणा आणि दुसऱ्या पायाने वरून दाबा. पायात दोर घट्ट अडकला की उभं राहायचं, हात वर सरकवायचे, मग गुडघे पोटाशी घेऊन परत अडकवायचा. सगळं वजन पायावर. झाडाला दोर बांधून दोन फुटांवर एवढंच शंभर वेळा करा, वर जायची गरजच नाही आधी. उतरताना घसरत येऊ नका, तळहात सोलवटतात.

रात्रपाळी_डॉक्टर

मी डॉक्टर आहे, पावसाळ्यात दरवर्षी तेच बघतो म्हणून जरा लांब लिहितो, वाचा.

लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, गुरं, कुत्रे यांच्या लघवीतून जंतू पाण्यात आणि चिखलात येतात आणि जखमेतून, डोळ्यातून, तोंडातून आपल्या शरीरात जातात. गोव्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शेतात महिनोन्महिने पाणी असतं, त्यामुळे हा आजार आपल्याला नवीन नाही. शेतकरी आणि गटारकामगार यांच्यात आम्ही तो बघतोच, आता चिखलात खेळायला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवायचा.

अंगावर उघडी जखम असेल तर शर्यत सोडा, पट्टी लावून सुद्धा जाऊ नका, चिखलात पट्टी टिकत नाही. आदल्या दिवशी दाढी किंवा पायाचे केस काढू नका, बारीक बारीक चिरा पडतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, आठवत नसेल तर घ्या. तोंडात गेलेलं पाणी गिळू नका. संपल्यावर साबणाने लगेच अंघोळ, घरी जाऊन बघू असं नको. डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची गोळी काहींना आधी दिली जाते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच, गरोदर बायका आणि लहान मुलांना ती चालत नाही. मित्राने घेतली म्हणून तुम्ही घेऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ते नंतरचं. लक्षणं साधारण आठवडाभराने ते दहा दिवसांनी येतात, कधी दोन दिवसांतच तर कधी महिन्याने. थंडी वाजून ताप, डोळे लाल, पोटऱ्या हात लावू देत नाहीत एवढ्या दुखतात. ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की मी चिखलात गेलो होतो. लोक हेच सांगत नाहीत, डेंग्यू, मलेरियाच्या टेस्टमधे तीन दिवस जातात. वेळेवर औषध सुरू झालं तर बहुतेक बरे होतात, उशीर झाला तर किडनी आणि लिव्हरवर जातं. डायबिटीसवाल्यांनी जास्तच सांभाळा, त्यांना मातीतल्या इतर जंतूंचाही धोका असतो.

मी घाबरवत नाही, मी स्वतः पोरांबरोबर पावसात फुटबॉल खेळतो. फक्त एवढं करा.

फोंड्याची_मी

डॉक्टर, खूप आभार. आमच्या ग्रुपवर हे जसंच्या तसं टाकलं. एकीला शुगर आहे, तिला आता वेगळं विचारायला सांगितलंय.

मांडवीकाठ

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते मूळ लेखातच जायला हवं, प्रशासकांना विनंती करतो. ज्याचा तळवा कापला त्याला नवव्या दिवशी ताप आलाच. त्याच्या बायकोने पोटऱ्या दुखतायत हे ऐकून त्याच दिवशी दवाखान्यात नेला आणि चिखलाचं सांगितलं, त्यांनी लगेच औषध सुरू केलं, रिपोर्ट नंतर आला. आठवड्याने तो कामावर होता. त्याचं श्रेय त्या माउलीला.

गुडघेदुखी_४५

बापरे. बरं झालं सांगितलंत.

घाटमाथा

खाण्याचं काय करता? मी बेळगावहून येणार, पहाटे निघेन.

सरदाचं_शेत

पेज! दोन तास आधी गरम उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, बरोबर लोणचं किंवा सुकं खोबरं. पोटाला जड होत नाही आणि मीठ पाणी दोन्ही मिळतं. पाऊस असला तरी घाम प्रचंड येतो आपल्याकडे, दमट हवेत तो वाळत नाही म्हणून कळत नाही, त्यामुळे तहान नसली तरी पाणी प्या. भजी नंतर.

पायवाट

नंतर भजी आणि चहा, त्याला तोड नाही. :)

पाच_मिनिट_किलोमीटर

मी परत येऊन सगळं वाचलं. वेळेबद्दल माझं मत तेच आहे, मी एकटं नाव घालणार. पण आमच्या रनिंग ग्रुपातले पाच नवीन लोक टीम घालतायत आणि त्यांना भिंतीचं काहीच माहीत नाही, मलाही नाही, रस्त्यावर भिंती नसतात. बांधाचं ताईंनी लिहिलेलं ग्रुपवर वाचून दाखवलं, त्यातल्या दोघांच्या घरी दिवाडीला खाजन आहे, ते लगेच बोलायला लागले. मांडवीकाठ, तुम्ही कुठे सराव करता? एक दिवस भिंत दाखवाल का?

मांडवीकाठ

दाखवतो की! डिचोलीत मित्राच्या बागायतीत फळ्या ठोकून ८ फुटी भिंत उभी केलीय, खाली वाळू टाकलीय. रविवारी सकाळी सातला या सगळे. देऊळवाडा बाब, तुम्ही पण मुलाला घेऊन या, पडायचं कसं ते शिकवायला कोणीतरी जाणता हवाच. फोंड्याची_मी, तुम्ही चौघी आलात तर आमची शिक्षिका शेवटची उडी शिकवेल, तिला विचारून ठेवलंय.

फोंड्याची_मी

आम्ही तिघी नक्की. चौथी डॉक्टरांना भेटून सांगेल.

पाच_मिनिट_किलोमीटर

येतो. काही आणायचं का, शिडी वगैरे?

मांडवीकाठ

शिडी नको. जाड दोर असला तर आणा, वीस फूट तरी, आमचा कुजलाय. आणि बदलायला कपडे.